हुबळी-धारवाडातील वैद्यकीय शिक्षण व संशोधन : रुग्णाच्या भाषेच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून एक संमतीपत्र भाषेच्या तपासणीसाठी माझ्याकडे आले होते. पदव्युत्तर शिक्षण घेणारा एक तरुण डॉक्टर मधुमेही रुग्णांचा अभ्यास करीत होता. मसुदा मूळ इंग्रजीत होता आणि त्याचे कन्नड, मराठी व उर्दू असे तीन अनुवाद करून घेतलेले होते. मराठीत 'संशोधन', कन्नडमध्ये 'संशोधने' आणि उर्दूत 'तहकीक' असे शब्द योजले होते. शब्दकोश उघडून पाहिला तर तिन्ही शब्द बरोबर ठरतात. परंतु उर्दू मसुदा बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या एका वृद्ध बाईंना वाचून दाखविला तेव्हा त्या घाबरल्या आणि म्हणाल्या, "तहकीकात कायकू? हम क्या करे?" त्यांच्या दखनी बोलीत हा शब्द पोलीस चौकीशी जोडलेला होता. शेजारी बसलेल्या, शाळेत हिंदी शिकलेल्या एका गृहस्थांनी 'संशोधन' म्हणजे 'दुरुस्ती' असा अर्थ लावला. मराठीतील 'प्रयोग' हा शब्द सुचवावा तर तो ऐकून कोणाला नाटक आठवते, तर कोणाला उंदीर!

प्रसंग लहान आहे. तथापि त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो हुबळी-धारवाडच्या वैद्यकीय इतिहासाइतकाच जुना आहे. शिक्षण रुग्णालयात तीन कामे एकत्र चालतात: रुग्णाला बरे करणे, विद्यार्थ्याला शिकविणे आणि नवे ज्ञान मिळविणे. पहिले काम रुग्णासाठी असते. दुसरे व तिसरे काम रुग्णाच्या आधाराने, पण इतरांसाठी असते. मग हे रुग्णाला कोण सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने हुबळी-धारवाड आणि लगतच्या प्रदेशातील वैद्यकीय शिक्षण व संशोधनाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

महाविद्यालयापूर्वीचा काळ

आजचा धारवाड जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे या भागातील वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो. १८२६ साली मुंबईत नेटिव्ह मेडिकल स्कूल स्थापन झाले. डॉ. जॉन मॅक्लेनन हे त्याचे प्रमुख होते. तेथे मराठी, गुजराती व हिंदुस्थानी या भाषांतून शिकविण्याचा आणि त्यासाठी पुस्तके तयार करण्याचा उपक्रम झाला. १८३२ मध्ये हे विद्यालय बंद पडले. त्यानंतर १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय त्याला जोडले गेले. येथील शिक्षणाची भाषा इंग्रजी होती. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते, हे सर्वश्रुत आहे.

इंग्रजी शिकलेल्या थोड्या डॉक्टरांवर संपूर्ण इलाख्याचे भागणार नव्हते. म्हणून १८६० च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी व गुजराती माध्यमांचे वर्ग उघडण्यात आले. पुढे पुण्यात ससून रुग्णालयाच्या सान्निध्यात १८७८ साली बैरामजी जिजीभाई मेडिकल स्कूल आकारास आले. तालुक्याच्या दवाखान्यांना हॉस्पिटल असिस्टंट पुरविणे हा अशा शिक्षणाचा मुख्य हेतू होता.

येथे आपल्या प्रदेशाची एक विशेष अडचण लक्षात घेतली पाहिजे. धारवाड जिल्ह्याची लोकभाषा कन्नड. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळा व कचेऱ्यांतून मराठीचे वर्चस्व होते, आणि मुसलमान वस्तीत दखनी बोलली जात होती. इलाख्याच्या दृष्टीने जे 'देशी भाषेतील' वैद्यकीय शिक्षण होते, ते हुबळीच्या कन्नड किंवा दखनी बोलणाऱ्या मुलासाठी परभाषेतीलच होते. इंग्रजी ही त्याची त्यापुढची परभाषा. वैद्यकीय पेशात शिरण्यासाठी त्याला दोन उंबरठे ओलांडावे लागत.

याच काळात धारवाडला एक वैद्यकीय संस्था मात्र होती. १८४५ साली येथे मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडण्यात आले. आजची 'डिमहॅन्स' ही संस्था त्याच परंपरेतील आहे. त्या वेळी तेथे उपचारापेक्षा बंदोबस्तालाच अधिक महत्त्व होते. रुग्णालय आणि तुरुंग यांतील अंतर सामान्य माणसाला स्पष्ट दिसत नव्हते, याचा हा एक नमुना होय. पुढील घटनांचा अर्थ लावताना ही गोष्ट उपयोगी पडते.

१८९८ : हुबळी, प्लेग आणि हाफकिनची लस

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान जागेत त्यांनी लसीचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. अध्यापन आणि संशोधन यांचा एका छताखाली झालेला हा मेळ आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण या लसीची सर्वांत मोठी कसोटी पुढे हुबळी-धारवाड-गदग परिसरात लागली.

हुबळी हे सदर्न मराठा रेल्वेचे मोठे ठाणे होते. रेल्वेचा कारखाना, कापूस बाजार आणि गिरणी यांमुळे शहरात सतत माणसांची ये-जा असे. १९०१ च्या जनगणनेत हुबळीची लोकसंख्या ६०,२१४ होती. अशा शहरात प्लेग शिरल्यावर तो पसरणे अपरिहार्य होते. १८९८ च्या उन्हाळ्यापासून पुढील काही महिने येथे व्यापक प्रमाणावर लस टोचण्यात आली. सर्जन-कॅप्टन ल्यूमन हे या कामाचे प्रमुख होते. धारवाड जिल्ह्यातील कामात डॉ. ॲलिस कॉर्थोर्न या स्त्री डॉक्टरचाही मोठा वाटा होता. पडदानशीन स्त्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी स्त्री डॉक्टर असणे किती मोलाचे होते, हे वेगळे सांगावयास नको.

सरकारी सक्तीला त्या वर्षांत सर्वत्र तीव्र विरोध होत होता. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला. घरझडती, विलगीकरण आणि स्त्रियांची तपासणी यांवरून पुण्यात असंतोष भडकला व २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला इस्पितळात नेण्यावरून दंगल उसळली. दोन्ही ठिकाणी लोकांचा राग औषधावर कमी आणि ज्या पद्धतीने ते त्यांच्यावर लादले गेले तिच्यावर अधिक होता.

मग अवघ्या काही महिन्यांत हुबळीची बहुसंख्य वस्ती लस घेण्यास कशी तयार झाली? त्याची कारणे एकापेक्षा अधिक दिसतात. पहिले म्हणजे डोळ्यांदेखत होणारे मृत्यू. दुसरे, लस घेतल्याचा दाखला असणाऱ्यास विलगीकरणाच्या काही जाचांतून सूट मिळत असे. तिसरे, शेजारी लस घेऊन वाचला हे प्रत्यक्ष दिसत होते. यांपैकी दुसरे कारण आपण बारकाईने पाहावयास हवे. ज्या दाखल्यामुळे घर सोडावे लागत नाही, तो घेणाऱ्याची संमती पूर्णतः स्वखुशीची म्हणता येईल काय? आजच्या संशोधन-नीतीच्या भाषेत याला दबाव म्हणतात. त्या काळी ही शहाणपणाची तडजोड मानली गेली. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे.

समाजातील विश्वासू व्यक्तींचा वाटाही नोंदविला पाहिजे. मुंबईत तिसरे आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह यांनी हाफकिन यांना कामासाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली, स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांना ती घेण्यास प्रवृत्त केले. खोजा समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. ज्या वर्षी विणकरांच्या वस्तीत दंगल झाली, त्याच सुमारास त्याच शहरात हे घडले. माणसांचा धर्म एकच होता. फरक पडला तो सांगणारा आपला आहे की परका, यामुळे.

आकड्यांची पारख

हाफकिन यांचे दुसरे मोठेपण असे की, त्यांनी केवळ लस टोचली नाही तर तुलना केली. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली व उरलेल्यांना दिली नाही. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. एकाच घरातील, एकच अन्न खाणारी, एकाच छपराखाली झोपणारी माणसे असल्यामुळे ही तुलना बोलकी ठरली.

हुबळीत असे करणे शक्य नव्हते. येथे दर आठवड्याला लस घेतलेल्यांची संख्या वाढत होती व न घेतलेल्यांची घटत होती. म्हणून आठवडावार दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण काढण्यात आले. लस घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी दिसले. तथापि अशा मोजणीत दोन दोष संभवतात. शहर सोडून गेलेल्यांची गणना कोणत्या गटात करावयाची, हा एक. दुसरा असा की, ज्यांनी शेवटपर्यंत लस घेतली नाही ते बहुधा अधिक गरीब, अधिक दाटीत राहणारे किंवा आधीच आजारी असणार. मग फरक लसीमुळे पडला की राहणीमुळे, हे सांगणे कठीण होते. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने एकंदर आकडेवारीतील ढिलाई आणि लसीच्या मात्रेतील अनिश्चितता यांवर बोट ठेवले, पण लसीमुळे आजार व मृत्यू दोन्ही घटतात हा निष्कर्ष मान्य केला. शिक्षकांनी ही दोन्ही विधाने एकत्र ध्यानात ठेवावीत. पुराव्यात उणीव असणे म्हणजे निष्कर्ष खोटा असणे नव्हे.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी त्यांची बाजू उघडपणे मांडली. हाफकिन दोषमुक्त झाले, परंतु लोकांचा विश्वास तेवढ्या सहजतेने परत येत नसतो. मुंबईत परळ येथे १८९९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

रॉस यांचे नाव आलेच आहे, तर सिकंदराबादची एक नोंद येथे द्यावीशी वाटते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. ज्याला ते डास चावले होते तो हुसेन खान नावाचा रुग्ण होता आणि दर डासामागे त्याला एक आणा देण्यात आला. नोबेल पारितोषिक मिळाले १९०२ मध्ये. हुसेन खानचे नाव रॉस यांनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. हुबळीच्या हजारो माणसांची नावे मात्र केवळ आकड्यांत विरून गेली.

हैदराबादचा दाखला

वैद्यकशास्त्र परभाषेतूनच शिकावे लागते, ही समजूत तपासून पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. हैदराबाद संस्थानात १८४६ साली वैद्यकीय विद्यालय सुरू झाले तेव्हा शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुढे ती इंग्रजी झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे धोरण आले आणि त्यासाठी 'दारुल तर्जुमा' या अनुवाद संस्थेने विज्ञान व वैद्यक विषयांची ग्रंथनिर्मिती केली. आजच्या कर्नाटकातील गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावीत. उर्दूतून उत्तम डॉक्टर घडू शकतात हे त्यातून सिद्ध झाले. परंतु अरबी-फारसी धातूंपासून घडविलेल्या परिभाषेमुळे ती भाषा तेलुगू, कन्नड वा मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य रुग्णांनाच नव्हे, तर घरी साधी दखनी बोलणाऱ्यांनाही दुर्बोध वाटे. विद्यार्थ्याची भाषा आणि रुग्णाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुटली म्हणजे दुसरी आपोआप सुटते असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली, तेव्हाही चर्चा विद्यार्थ्याभोवतीच फिरली.

विद्यापीठ आणि महाविद्यालय

कर्नाटक विद्यापीठ १९४९ च्या कायद्याने स्थापन झाले व पुढे धारवाड हे त्याचे केंद्र बनले. १९५४ ते १९६७ या काळात डॉ. डी. सी. पावटे कुलगुरू होते आणि विद्यापीठाची घडी त्यांनीच बसविली. तत्पूर्वी १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला होता. लायसेन्शिएट डॉक्टर तयार करणारी छोटी विद्यालये बंद करून सर्वांसाठी एकच पदवी असावी, तसेच विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. पुण्याचे बै. जी. मेडिकल स्कूल त्याच वर्षी महाविद्यालय झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ज्या प्रदेशातील विद्यार्थी पिढ्यान्पिढ्या मुंबई-पुण्यास जात होते, त्याला आता स्वतःच्या वैद्यकीय महाविद्यालयाची निकड होती. १९५७ साली हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेज सुरू झाले व ते कर्नाटक विद्यापीठास संलग्न झाले. पुढे १९६३ मध्ये बेळगावास के. एल. ई. संस्थेचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघाले. १९८४ साली विजापुरात अल-अमीन मेडिकल कॉलेज उभे राहिले. स्वतः शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. मुमताज अहमद खान यांनी १९६६ मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या अल-अमीन शिक्षण संस्थेचे हे कार्य होय. २००३ मध्ये धारवाडजवळ सत्तूर येथे एस. डी. एम. संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आले.

१९९६ मध्ये राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. हुबळीचे महाविद्यालय त्याच दशकात स्वायत्त संस्था बनून 'किम्स' या नावाने ओळखले जाऊ लागले. अलीकडे त्याच्या नावात मेडिकल कॉलेज हे जुने शब्द पुन्हा आले आहेत. लोक मात्र पूर्वीही 'केएमसी' म्हणत आणि आजही अनेकजण तेच म्हणतात.

सरकारी शिक्षण रुग्णालयाचे वैशिष्ट्य त्याच्या रुग्णांत असते. उत्तर कर्नाटकाच्या अनेक जिल्ह्यांतून, खासगी उपचार न परवडणारी माणसे येथे येतात. विद्यार्थ्याला पुस्तकात न सापडणारे आजार येथे खाटेवर दिसतात. हृदयाच्या झडपेचा आवाज ओळखणे, काविळीची छटा डोळ्यांत पाहणे, प्रसूतीच्या कळा हाताने जोखणे, हे सारे तो गरीब रुग्णाच्या सोशिकपणावर शिकतो. एका रुग्णाचे पोट पाच विद्यार्थी दाबून पाहतात, तेव्हा तो रुग्ण नकळत शिक्षकच झालेला असतो.

संशोधनाचे स्वरूपही समजून घ्यावे. मोठ्या शोधांची बातमी होते, परंतु शिक्षण रुग्णालयातील बहुतेक संशोधन म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध. एम. डी. वा एम. एस. करणाऱ्या प्रत्येकास तीन वर्षांच्या अवधीत प्रबंध लिहावा लागतो. पहिल्या वर्षी विषयाचा आराखडा, नैतिक समितीची मंजुरी, नंतर रुग्णांची निवड, नोंदी, शेवटी आकडेमोड, असा त्याचा क्रम असतो. कामाच्या रगाड्यात संमतीची सही बहुतेकदा सर्वांत घाईने उरकली जाते.

बेळगाव, २००२-२००५

प्रादेशिक महाविद्यालयातून जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण बेळगावचे आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण. त्यावरील ऑक्सिटोसिन हे औषध इंजेक्शनातून द्यावे लागते व ते थंड ठेवावे लागते. खेड्यात घरी होणाऱ्या बाळंतपणात दोन्ही गोष्टी अवघड. म्हणून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण भागात मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांची चाचणी घेतली. १,६२० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटास औषध, दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. गोळ्या देणाऱ्या होत्या गावच्या एएनएम परिचारिका. औषध घेतलेल्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. थंडी वाजणे व ताप हे तात्पुरते त्रास दिसले. निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

हुबळीच्या १८९८ च्या मोजणीतील दोष येथे दूर झालेले दिसतात. कोणाला औषध मिळेल हे राहणीमानावर वा आवडीवर अवलंबून नव्हते. शिवाय बाळंतिणीशी बोलणारी परिचारिका त्याच गावात वावरणारी, लोकांच्या बोलीत बोलणारी होती. शंभर वर्षांत पद्धत सुधारली, पण विश्वासाचा मार्ग तोच राहिला.

पद्धत विसरल्यास काय होते, हे २०२० मध्ये पुन्हा दिसले. कोरोना साथीत बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील प्लाझ्मा देण्याच्या उपचाराची देशभर चर्चा झाली व हुबळीत बऱ्या झालेल्या रुग्णाची बातमीही मोठ्या कौतुकाने छापून आली. आशा वाटणे स्वाभाविक होते. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत प्लाझ्मा दिलेल्या व न दिलेल्या गटांत मृत्यूचे वा आजार बळावण्याचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. एक रुग्ण बरा झाला हे सत्य असते, पण तो कशाने बरा झाला हे त्या एकट्यावरून कळत नाही.

संमतीचा प्रश्न

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानवी संशोधनासंबंधी पहिले धोरणपत्र १९८० मध्ये काढले. त्यानंतर २०००, २००६ व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २०१९ मध्ये नव्या औषध चाचण्यांचे नियम झाले. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे, निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदार ठेवणे, केव्हाही माघार घेण्याची मुभा असणे आणि नकार दिल्याने उपचारात फरक न पडणे, ही यातील मुख्य सूत्रे होत.

कागदावर हे सारे आहे. तरीही काय घडू शकते याचे एक उदाहरण आपण शिक्षकांनी विसरू नये. २००९ मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातेत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देणारा अभ्यास सुरू झाला व २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली. त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही आणि ही लस आज जगभर उपयुक्त मानली जाते. परंतु २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, असे नमूद आहे. १,९४८ पत्रांवर अंगठे होते. ज्यांनी सह्या केल्या ते आपल्यासारखेच शिक्षण क्षेत्रातील लोक होते. बहुधा सोय म्हणून केल्या असतील. चांगली लसदेखील अशा मार्गाने दिली तर संशयाची धनी होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, हुबळी-धारवाड हे वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यापूर्वी सुमारे साठ वर्षे संशोधनाचे क्षेत्र होते. येथील लोकांनी ज्ञान निर्माण होण्यास आपली शरीरे दिली, पण ते ज्ञान शिकण्याची संस्था त्यांना १९५७ मध्ये मिळाली. त्यानंतरच्या काळात डॉक्टर आपल्या भागातील होऊ लागले. ही मोठी मिळकत आहे. आता नीट परीक्षा मराठी व कन्नडमधून देता येते. २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. उर्दू माध्यमातील मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचली की आपण तिचा सत्कार करतो, तो योग्यच आहे.

परंतु ती तेथे पोहोचल्यावर तिची उर्दू, मराठी वा कन्नड निरुपयोगी ठरत नाही, हेही तिला सांगावयास हवे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे आणि आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही स्थान आहे. आपल्या महाविद्यालयांतील भाषा विभागांनी जवळच्या शिक्षण रुग्णालयांना संमतीपत्रांच्या तपासणीसाठी साहाय्य करणे अशक्य नाही. त्यासाठी फार मोठे साधन लागत नाही. मसुदा तयार झाला की तो बाह्यरुग्ण विभागातील चार माणसांना वाचून दाखवावा आणि त्यांनी काय समजून घेतले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे, एवढे पुरे.

आरंभी उल्लेखिलेल्या संमतीपत्रात आम्ही अखेरीस 'तहकीक' हा शब्द काढून टाकला. त्याऐवजी तीनही भाषांत साधी तीन वाक्ये घातली: "या आजाराविषयी आम्हाला अजून पूर्ण माहिती नाही. ती मिळविण्यासाठी आपली मदत हवी आहे. आपण नाही म्हणालात तरी उपचार तसाच चालू राहील." त्या बाईंना ती दखनीत सांगितल्यावर त्या थोडा वेळ विचार करीत बसल्या. मग त्यांनी विचारले, "मालूम पडे तो हमकू भी बोलिंगे ना?" या प्रश्नाचे उत्तर त्या संमतीपत्रात कोठेही नव्हते. पुढच्या मसुद्यात ते घालण्यात आले.